डाव्या खांदीचा बैल

माझ्या बहिणीशी लग्न होईपर्यंत इंद्रजित मगदूमला मी इंद्र्या म्हणायचे. एम.एस्सी.ला आम्ही एकाच टेबलावर अँटेना बनवले, एकाच सोल्डरिंग गनने बोटं भाजून घेतली. लग्नात अक्षता पडल्या आणि तो दाजी झाला, 'तुम्ही' झाला. पुढं त्यानं आम्हा दोघांचं रिसीव्हरचं डिझाइन एका परिषदेत एकट्याच्या नावावर वाचलं. तेव्हा मला त्याला जे म्हणायचं होतं, ते 'तुम्ही' घालून म्हणताच येईना. आमच्याकडे मेहुणीला दाजीची चेष्टा करायची मुभा असते. तेव्हापासून मी तेवढ्या मुभेत भांडते आहे.

खडकेवाडीच्या मैदानावर मला बोलावणं आलं ते नव्या नियमामुळे. बैलगाडी शर्यतींना आता परवानगी मिळते ती एकाच अटीवर: सुटल्यापासून परत येईपर्यंत गाड्यांचं चित्र पडद्यावर अखंड दिसलं पाहिजे. वाटेत बैलाला टोचलं, शॉक दिला, तर सगळ्यांना दिसावं म्हणून. चित्र मध्येच तुटलं की शर्यत रद्द. खडकेवाडीची शर्यत 'जनरल', म्हणजे मैदानातून सुटायचं, गवळदेवाच्या डोंगराला वळसा घालायचा आणि परत यायचं. डोंगराच्या मागं गाड्या गेल्या की प्रत्येकाच्या ड्रोनचं चित्र तुटायचं. लागोपाठ दोन फायनल रद्द झाल्या होत्या. तिसरीही रद्द झाली असती तर मैदानच गेलं असतं.

"पण तुटतंय कशानं? पावर कमी पडते काय?" मुख्य पंच बापूसो इंगवलेंनी मला विचारलं होतं. ते निवृत्त हेडमास्तर. समजल्याशिवाय मान हलवायची नाही, ही त्यांची खोड.

पावर वाढवायला कायद्यानं बंदी आहे, आणि वाढवून उपयोगही नव्हता. ड्रोन चित्र पाठवतो त्या लहरी जेमतेम पाच सेंटीमीटरच्या. त्या सरळ जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. ड्रोन उंच न्यावा तर गाडीचे नंबर वाचता येत नाहीत, म्हणून नियमानं तीस मीटरच्या वर जायचं नाही. डोंगरमाथ्यावर चित्र झेलून पुढं पाठवणारा एक रिले ठेवायचा उपाय मी आदल्या वर्षी केला होता. तो आप्पासो धनवड्यांनी दगड घालून फोडला. त्यांच्या बैलाला डोक्यावर यंत्रं घोंगावलेली चालत नव्हती, आणि हे त्यांनी कबूलही केलं, छाती पुढं काढून.

यंदा मी ड्रोनकडे बघितलंच नाही, रिसीव्हरकडे बघितलं. हौशी ड्रोनची लहर स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत येते, उजवीकडे पीळ घेत. ती दगडावर एकदा आपटली की पीळ उलटा होतो, उजव्याचा डावा. नेहमीचा रिसीव्हर उजव्या पिळाचाच असतो. डाव्या पिळाला तो बहिरा असतो, आणि मुद्दाम बहिरा ठेवलेला असतो, कारण आपटून आलेल्या लहरी चित्र खराब करतात. पण डोंगरामागून माझ्यापर्यंत पोचू शकत होत्या त्या फक्त आपटलेल्याच लहरी. डोंगराच्या पलीकडं क्रशरची जुनी खाण आहे. तिचा कडा भिंतीसारखा उभा कापलेला, मैदानातूनही दिसणारा. मी डाव्या पिळाचा लांब अँटेना गुंडाळला, त्याचं तोंड त्या कड्यावर धरलं आणि मागं नवी चिप जोडली. कड्याच्या खाचाखोचांतून एकच लहर पुढंमागं होऊन तुकड्यातुकड्यांनी येते; कोणता तुकडा किती उशिरा आला ते बघून ही चिप ते पुन्हा जोडते. ड्रोनची बॅटरी टिकावी म्हणून त्यातला रेकॉर्डिंगचा भाग आणि मेमरी कार्ड काढून टाकलं. चित्र आता फक्त जमिनीवर साठत होतं.

"म्हणजे उजवं आपटलं की डावं," बापूसो म्हणाले.

"लहरीचा पीळ," मी म्हटलं.

"तेच की," ते म्हणाले आणि त्यांनी मान हलवली. मला तिथंच थांबून नीट सांगायला हवं होतं, पण शेजारी दाजी उभे होते.

"मेहुणीबाई, कड्याकडून उसनं चित्र आणताय म्हणे," ते म्हणाले.

"उसनंच आणतेय, दाजी. माझ्या नावावर लावून घेत नाही."

त्यांच्याभोवतीची माणसं हसली. मेहुणी-दाजीचं चाललंय म्हणून हसली. दाजीही हसले, पण त्यांचा जबडा हलला नाही.

मगदुमांनी ड्रोन कधीच सोडले होते. आता त्यांच्या घरात टर्बो होता. पांढराशुभ्र खिलार, डाव्या खांदीचा, म्हणजे जुवाच्या डाव्या बाजूनं पळणारा. त्यानं दोन जिल्ह्यांतली मैदानं मारली होती. दुसऱ्या खांदीला त्यांनी पैरा केला होता, म्हणजे दुसऱ्याचा बैल जोडीला घेतला होता, तो आप्पासो धनवड्यांचा चिमण्या. तोही पांढराशुभ्र, शिंगंही त्याच रंगानं रंगवलेली, अंगावर तोच गुलाल. वरून बघितलं तर आईला ओळखू आला नसता. गाडी नंबर 8, गाडीवान परगावचा, दोघांनी मिळून आणलेला.

"ए ड्रोनवाली," आप्पासो फायनलच्या आधी माझ्या टेबलावरच्या रिसीव्हरच्या पेटीकडे बोट करून म्हणाले. "माझा बैल बुजला तर ह्या वर्षी पेटीसकट फोडीन."

"फोडा की. मग शर्यत रद्द. चिमण्याला घरी न्या आणि पूजा करा."

फायनल सुटली. सरळ रस्त्यावर चित्र काचेसारखं स्वच्छ होतं. डोंगरामागं वळायच्या खिंडीत ते विस्कटलं, रंग वाहिले, आणि गर्दीतून एक कण्हल्यासारखा आवाज आला. मग डाव्या पिळाच्या अँटेनाला कडा सापडला आणि डोंगरामागचा रस्ता पडद्यावर उभा राहिला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये धूळ, आणि धुळीतून सुटलेल्या गाड्या. डोंगरामागं गाड्या पळताना गावानं पहिल्यांदाच बघितल्या. काही क्षण मला कुणाचाच राग नव्हता.

मग 8 नंबरची गाडी एकटी पुढं निघाली. तिच्या डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यावर काहीतरी फडफडलं. तळहाताएवढी पट्टी, अर्धी सुटलेली. बैलाचं कातडं तिच्याखाली थरथरलं, थांबलं, पुन्हा थरथरलं, आणि प्रत्येक वेळी बैल पिसाट उसळला. पट्टी सुटून उसात गेली. साऱ्या मैदानानं ते बघितलं.

अशा पट्ट्या मी वाचून माहीत करून घेतल्या होत्या. औषधाच्या पट्टीसारख्याच असतात, आत नखाएवढी बॅटरी, लांबून बटण दाबलं की शॉक. डिंक असा की घामात विरघळून जातो. 8 नंबर पहिली आली. डॉक्टरांनी दोन्ही बैल तपासले, कुणाच्याही अंगावर काही मिळालं नाही. उसात शोधायला गेलेली पोरं हात हलवत आली. गाडीवान म्हणाला, माझे डोळे पुढं होते.

नियम साफ होता. ज्याचा बैल, त्यानं त्याला सजवायचं आणि त्याच्या अंगावर जे निघेल ते त्याच्या माथी. बैल जन्मभर बाद, घराला मैदानबंदी.

बापूसोंनी चित्र तीनदा थांबवून बघितलं. "डाव्या खांदीचा," ते म्हणाले. "इंद्रजितराव, तुमचा टर्बो."

दाजी पुढं आले. मी त्यांना कॉलेजपासून ओळखते. ते खरंच गोंधळले की उजव्या कानाची पाळी चोळतात. आता ते कान चोळत नव्हते.

"बापूसो, तुम्ही मास्तर माणूस," ते म्हणाले. "हे चित्र सरळ आलेलं न्हाई. कड्यावर आपटून आलंय. आरशात बघितल्यावर काय हुतं? उजवं डावं दिसतं. मेहुणीबाईंनी स्वतः सांगितलंय तुम्हाला, उजवं आपटलं की डावं."

गर्दी एकमेकांकडे वळली. मग सगळीकडून एकच शब्द ऐकू येऊ लागला. आरसा.

"म्हणजे डावा दिसतोय तो उजवा," बापूसो सावकाश म्हणाले. "म्हणजे चिमण्या."

आप्पासो धावून गेले. चौघांनी त्यांना धरलं. "माझ्या बैलाला पट्टी? अरे मी त्याला चाबूक दाखवत न्हाई, पट्टी कसली लावीन?"

मी उठून बोलायला लागले. सांगितलं की आपटते ती लहर. चित्र त्या लहरीवर लिहिलेला निरोप आहे. निरोप कुठल्या वाटेनं आला यानं त्यातली अक्षरं उलटत नाहीत. डोंगरात हाक मारली तर परत येणारा आवाज शेवटाकडून सुरू होतो काय? बापूसोंनी ऐकलं. पण त्यांच्या तोंडावर ती मान न हलवणारी मुद्रा होती.

"नंबर बघा गाडीचा," मी म्हटलं. "उलटा असता तर..."

"आठ," दाजी म्हणाले. "इंग्रजी आठ उलटा केला तरी आठच, मेहुणीबाई." त्यांनी हे माझ्याआधी बघून ठेवलं होतं. मागच्या गाड्यांचे नंबर धुळीत बुडाले होते.

"खिंडीत चित्र पलटलं असतं तर गाड्या या बाजूच्या त्या बाजूला गेलेल्या दिसल्या असत्या."

"खिंडीत काय दिसलं कुणाला? नुसता रंगाचा शिमगा हुता."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तिचं आन् दाजीचं जुनं हाय. ती त्यांनाच बुडवणार."  मी खरं बोलत होते आणि मला ते बोलताना बरंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

बापूसोंनी पंचांना बाजूला घेतलं. तेवढ्यात आक्का माझ्या टेबलामागं आली. माझी बहीण, दाजींची बायको. बायकांच्या मांडवातून ती कधी उठली मला कळलं नाही.

"शरू, खरं काय हाय?" तिनं विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"मला घरात कोण सांगतंय?"

"चित्र सरळ आहे, आक्का. पट्टी टर्बोच्याच अंगावर होती."

तिनं पदर खांद्यावर नीट केला. "त्या घरात सकाळी आधी टर्बोला विचारतात, मग माणसाला. तो बाद झाला तर म्हणतील, हिच्या बहिणीनं केलं. मला तिथं राहायचं हाय, शरू. तू आज पेटी उचलून जाशील. मी कुठं जाऊ?"

"घरी ये."

"कुठल्या?" ती म्हणाली.

बापूसो परत आले. मास्तर अखेर मास्तरच. "वाद नको, प्रयोग करू," ते म्हणाले. "डोंगरामागं त्याच रस्त्यावर एक माणूस उभं करायचं, हातात लिहिलेला शब्द. ड्रोननं तो त्याच वाटेनं दाखवायचा. सरळ आला तर टर्बो, उलटा आला तर चिमण्या. शब्द कुणाला आधी कळता कामा नये. एकट्यानं जायचं, तिथंच लिहायचं."

"मी जातो," आप्पासो म्हणाले. दाजींची माणसं ओरडली. दाजींनी आपल्या भावाचं नाव काढलं. आप्पासोंची माणसं ओरडली.

"दोन्हीकडचं माणूस पायजे," बापूसो म्हणाले आणि त्यांची नजर आक्कावर थांबली. ड्रोनवालीची बहीण आणि मगदुमांची सून. यावर दोन्हीकडची माणसं कबूल झाली. आप्पासोसुद्धा म्हणाले, "जाऊ दे. तिचं दोन्हीकडनं नुकसानच हाय."

स्वागताच्या फ्लेक्सचा एक तुकडा कापला, त्याची मागची पांढरी बाजू वर केली, जाड मार्कर दिला. मोटरसायकल तिला खिंडीपलीकडं सोडून परत आली. मी ड्रोन उचलला. टेबलाच्या एका बाजूला दाजी, दुसऱ्या बाजूला आप्पासो. आप्पासोंच्या अंगाला चिमण्याच्या घामाचा वास येत होता.

खिंड, विस्कटलेले रंग, मग कडा सापडला. उसामधला रस्ता आला, आणि रस्त्याच्या मधोमध आक्का, कॅमेऱ्याकडे तोंड करून. कमरेशी दोन्ही हातांनी ताणून धरलेला फ्लेक्स. मी ड्रोन खाली नेला.

पडद्यावर अक्षरं मोठी झाली, आणि गर्दी ती लहान मुलांसारखी अडखळत वाचू लागली. उभी रेघ चुकीच्या बाजूला, वळण चुकीच्या दिशेला.

"र... मग घ... घर. 'घर' लिवलंय. उलटं हाय. सगळं उलटं हाय."

आप्पासो मटकन खाली बसले. मागं मगदुमांच्या पोरांनी गुलाल उधळला, तो माझ्या रिसीव्हरवर पडला.

माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती अशी की माझं शिक्षण खोटं आहे. मी पुन्हा एकदा सगळं मनात मांडलं: लहर, पीळ, कडा, चिप. चित्र उलटायला कुठंच जागा नव्हती. मग अक्षरं उलटी कशी येतील? उलटी लिहिली तर येतील. आक्का आरी वर्क करते. नवरीच्या ब्लाऊजच्या पाठीवर नवऱ्याचं नाव भरायचं असेल तर ट्रेसिंगचा कागद पालथा घालून गिरवते. उलटी अक्षरं तिच्या हाताला रोजची आहेत.

मी अक्षरांवरून नजर काढली आणि तिच्याकडे बघितलं. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर असतो. समोर तोंड करून उभ्या बाईचा डावा खांदा बघणाऱ्याच्या उजव्या हाताला येतो. आक्काचा पदर तिथंच होता, उजव्या हाताला. चित्र सरळ होतं.

शेजारी दाजी पडद्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. भौतिकशास्त्र त्यांनाही येत होतं, त्यामुळे आपल्या बायकोनं काय केलंय हे त्यांना पहिल्या अक्षरालाच कळलं होतं. पदर मात्र त्यांनी बघितलेला नव्हता. मी बघितलाय हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं.

"उतरवा आता ड्रोन," ते अगदी हळू म्हणाले. "तिच्यासाठी तरी."

"शर्यतीआधी तिचा विचार केला असता, दाजी, तर पट्टी लावली नसती."

"मी माझ्यासाठी सांगत न्हाई."

हे बहुधा खरं होतं. म्हणूनच माझा राग आणखी वाढला. ड्रोन मागं घेतला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. चिमण्या जन्मभर बाद, रिले फोडणारा माणूस मैदानाबाहेर, आणि आक्का आपल्या घरात. मी दोन्ही अंगठे रिमोटच्या कांड्यांवर ठेवून बसले. आप्पासो जमिनीवर बसून कुणाला तरी सांगत होते की बैलाला आता काय सांगू. त्यांना माझी दया नको होती आणि मला ती येतही नव्हती. पण माझ्या चित्रानं खोटी साक्ष दिली होती, आणि ते चित्र मी आणलं होतं.

"बापूसो," मी म्हटलं, "अक्षरं राहू देत. बाईचा पदर बघा."

पुरुषांना काही कळेना. ते पुन्हा अक्षरंच बघू लागले. बायकांच्या मांडवात आधी कुजबुज झाली, मग एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "अगं बया, पदर तर डाव्याच खांद्यावर हाय की. उलटं चित्र असतं तर गुजरातनीवानी उजव्यावर दिसला नसता व्हय?"

मग मांडवातल्या बायका आपापल्या खांद्यावर हात ठेवून बघायला लागल्या, आणि पुरुषांना समजावून सांगायला लागल्या. बापूसोंनी स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला, पडद्याकडे बघितलं, आणि सावकाश मान हलवली. पडद्यावर आक्का फ्लेक्स धरून तशीच उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. हात दुखले असतील, ती मध्येच फ्लेक्स जरा वर ओढून घ्यायची.

टर्बो जन्मभर बाद झाला. मगदुमांच्या घराला मैदानबंदी झाली. गर्दीत ज्यांनी दाजींच्या बाजूनं गुलाल उधळला होता त्यांनी माझ्या टेबलाला लाथ घातली.

आप्पासो उठून माझ्याकडे आले. "आधीच बोलायला काय झालतं?" ते म्हणाले. "बहिणीसाठी थांबलीस व्हय? माझ्या बैलाचं नाव एवढ्या वेळ चिखलात ठेवलंस." आणि थुंकून निघून गेले.

मोटरसायकल आक्काला घेऊन आली. उतरल्या उतरल्या तिला कळलं. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं. ती सरळ माझ्या टेबलाशी आली. गुंडाळलेला फ्लेक्स अजून तिच्या काखेत होता.

"कोण म्हणालं?"

"मी."

"पदर बदलावा असं मनात आलतं माझ्या," ती म्हणाली. "पिन काढलीपण हुती. मग म्हटलं, राहू दे. ती अक्षरं बघंल. माझ्याकडं कशाला बघती."

"आक्का, घरी चल."

तिनं फ्लेक्स माझ्या टेबलावर ठेवला आणि चालू लागली. मैदानाच्या कडेला मगदुमांचा टेम्पो उभा होता. टर्बोला मागं चढवलं होतं. पुढं दाजी, त्यांचे वडील आणि भाऊ बसले होते, दार बंद. आक्का दाराशी थांबली. काच खाली झाली नाही. मग ती मागं गेली आणि बैल चढवायच्या फळीवरून वर चढून टर्बोच्या शेजारी उभी राहिली.

टेम्पो सुरू झाला. फळी आत घ्यायला पुढून कुणी उतरलं नाही. तिनं वाकून ती एकटीनं ओढून घेतली.